पाण्याचं तोंड

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याचं तोंड शोधायला निघालो.

कोरड्या चारीत, म्हणजे कालव्याच्या फाट्यात, पाणी सोडलं की ते एकदम भरून वाहत नाही. पुढे फेस सरकतो, फेसावर काटक्या, बाभळीच्या शेंगा, जीव घेऊन पळणारे मुंगळे, आणि त्यांच्या मागून पाणी येतं. त्या पुढच्या टोकाला आमच्याकडे पाण्याचं तोंड म्हणतात. सोमवारी दुपारी कालव्याचा दरवाजा उघडला तेव्हा ते तोंड आमच्या रानातून माणसाच्या चालीने निघालं होतं. नंतर वेग कमी झाला, पण दिवस मावळताना ते शेवाळ्यांच्या मोरीपाशी, म्हणजे चारीतून त्यांच्या रानात पाणी काढायच्या भोकापाशी, पोचलं. तिथे मी चारीच्या तळात तुरीची काठी रोवली आणि घरी येऊन झोपलो. सकाळपर्यंत पाणी टेलला जाईल असा माझा अंदाज होता.

काठी जिथल्या तिथे होती. तिच्या अलीकडे फेस सुकून मातीला चिकटला होता. पाणी पुढे गेलं नव्हतंच, उलट दोन हात मागे सरकलं होतं.

मी एम-एटीला किक मारली आणि चारीच्या काठाकाठाने टेलला गेलो.

टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. तिथे हांडेवस्ती आहे, आणि माझी थोरली बहीण मंदाअक्का त्या वस्तीवर दिलेली आहे. वीस-बावीस वर्षं त्या चारीला पाणी आलेलं नव्हतं. चारी गाळाने भरली, तिच्यात वेड्या बाभळी माजल्या, आणि वस्तीतली निम्मी घरं दाराला कुलूप लावून पुण्याकडे गेली. अक्काने लग्न होऊन तिथे गेल्यापासून चारीत फक्त बाभळीच पाहिल्या होत्या.

त्या सकाळी मात्र चारीचा काठ शेणाने सारवलेला होता. त्यावर रांगोळी होती. अक्का हळदीकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन बसली होती. शेजारी वस्तीतल्या तिघी-चौघी बायका होत्या. गाडीचा आवाज ऐकून सगळ्या उठल्या.

"कुठपर्यंत आलं?" अक्काने विचारलं.

"शेवाळ्यांच्या मोरीपाशी."

"ते काल फोनवर सांगितलंस."

"आजही तिथेच आहे."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अक्काने ताट पदराने झाकलं. ऊन चढलं होतं, कुंकू उडत होतं.

भास्करदाजी, अक्काचे यजमान, ओसरीवर बसून चहा पीत होते. त्यांच्या मागे खुंटीला नवी बॅग लटकत होती. चाकणला एका कारखान्याच्या दारावर वॉचमनची जागा त्यांनी ठरवून ठेवली होती.

"सोमवारपासून ये म्हणालाय तो माणूस," ते मला म्हणाले. "खोली पण बघितलीय त्याने."

"पाण्याची पाळी रविवारपर्यंत आहे," अक्का म्हणाली.

"मग मी कुठे आज निघालो?"

"बॅग तर भरलीत."

"रिकामी टांगून काय करू?"

दाजी वाईट माणूस नव्हते. दहा एकर जमीन होती आणि तिच्यात पावसाळ्यात बाजरी सोडून काही येत नव्हतं. बाजरीवर माणूस किती वर्षं थांबणार? पण अक्काला जायचं नव्हतं. चाकणची खोली तिने पाहिली नव्हती आणि तिला ती पाहायचीही नव्हती. तिने दाराशी वांग्याचं रोप तयार करून ठेवलं होतं, पाणी येणार म्हणून. न्हाणीचं सांडपाणी घालून जगवलं होतं.

कालव्याचे साहेब, म्हणजे पाटबंधारे खात्याचे निरीक्षक, सगळ्यांसमोर स्वच्छ सांगून गेले होते, की रविवारी संध्याकाळी पाळी संपते, तोवर टेलला पाणी दिसलं तर मी चारी चालू म्हणून लिहितो. नाही दिसलं तर टेलची जमीन कालव्याच्या हिशेबातून कायमची जाते, मग पुन्हा मागायला जागा नाही.

मी निघालो तेव्हा अक्का गाडीपर्यंत आली.

"अण्णा येणार आहेत का पाणी बघायला?"

"येतील की. पाणी आलं की येतील."

"बाटली घेऊन?"

मी किक मारली. अण्णा म्हणजे आमचे वडील. आमच्यात मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी आईबाप घेत नाहीत. बहुतेकांचा हा प्रश्न वर्ष-दोन वर्षांत सुटतो. अक्काच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. अण्णा वर्षातून दोनदा तिच्याकडे जायचे, ओसरीवर बसायचे, पिशवीतली प्लास्टिकची बाटली काढून घोट घ्यायचे आणि उठायचे. अक्का दर वेळी तांब्या घेऊन बाहेर यायची. अण्णा दर वेळी त्याला हात लावून नमस्कार करायचे आणि तो परत द्यायचे.

*

चारी उकरायचं काम भैरवनाथ सेवा मंडळाने घेतलं होतं. मंडळाकडे एक रुग्णवाहिका होती, लग्नाची भांडी होती, आणि अध्यक्ष म्हणून गुंजाळबाई होत्या. बाईंची बाजारपेठेत पिठाची गिरणी. अंगावर, केसांवर, भुवयांवर कायम पीठ. त्यांना नाही म्हणणं लोकांना जमत नसे, कारण दळण तिथेच न्यावं लागायचं.

त्याआधी मंडळाने तीन नाले खोल केले होते. ती कामं फार चांगली झाली. आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिलं, बाहेरगावची माणसं बघायला आली. नाल्याच्या कामात मंडळाचं एकच माप होतं. तळात उंच माणूस उभा करायचा, काठावरून त्याची टोपी दिसली तर काम अपुरं. टोपी दिसेनाशी झाली की फोटो काढायचा.

वैशाखात पोकलेन आणून चारीचं काम सुरू झालं तेव्हाही हेच माप लावलं. कुणाला वेगळं सुचलं नाही. डोक्याकडचा, म्हणजे कालव्याजवळचा तुकडा आमच्या रानातून जातो. तिथे गाळ मऊ होता, मशीन लोण्यात गेल्यासारखी जात होती. निघालेला गाळ ज्याला पाहिजे त्याने न्यावा असं ठरलेलं. अण्णा सकाळपासून चारीवर उभे असायचे.

"अजून एक हात जाऊ दे," ते पोकलेनवाल्याला म्हणायचे. "हात आखडू नको."

तो हात आखडत नव्हता. आणि माझा ट्रॅक्टर-ट्रॉली तो गाळ आमच्या वरच्या पट्टीवर नेऊन टाकत होता.

ती पट्टी म्हणजे निव्वळ खडक. आजोबांच्या काळापासून तिथे कुसळाशिवाय काही उगवलं नव्हतं. अण्णांनी तिच्यावर वीतभर गाळ पसरला, पावसाळ्यात तो बसू दिला आणि दसऱ्यानंतर हरभरा पेरला. तो असा उगवून आला की येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णा आधी तिकडे घेऊन जायचे. चहा नंतर. "इथे माझा बाप ठेच लागून पडला होता," ते म्हणायचे, "आणि आता बघा."

*

मी टेलवरून परत आलो तेव्हा आमच्या विहिरीवर माणसं जमली होती. दिवाळीच्या सुमारास आमची विहीर तळ गाठायची, ते दरवर्षीचं. त्या दिवशी ती अर्ध्याच्या वर भरलेली होती. दगडांच्या सांध्यांतून पाणी आत येताना दिसत होतं.

शेवाळे कठड्यावर बसले होते. "कारभारीभाऊ," ते अण्णांना म्हणाले, "चारी टेलला जायची ठरली होती ना? तुमच्या विहिरीत कशाला उतरली?"

"तुझ्या मोरीपर्यंत तरी आली," अण्णा म्हणाले. "तिथून पुढे का गेली नाही, तू सांग. मोरी उघडी टाकली असशील."

"बोळा मारून वर मी स्वतः बसलोय रात्रभर. थंडीने नाक बघा माझं."

गुंजाळबाई चारीच्या काठावर उभ्या होत्या. त्यांच्याबरोबर कालव्याचे साहेब होते. साहेबांनी दरवाजा बंद करायला लावला होता आणि पाणी बघता बघता उतरत होतं. ते कुठे वाहून जात नव्हतं. जमिनीत जात होतं. साहेब पँट दुमडून आत उतरले, हातातली पहार तळात मारली. ती खणकन वाजली. त्यांनी मूठभर तळ उचलून बाईंच्या हातावर ठेवला. लाल मुरूम होता.

"हा चाळणीचा तळ आहे," ते म्हणाले. "वरचा गाळ काढायचा तेवढा काढलात, पण खालचा जुना थरही काढलात. तो काळ्या मातीचा होता, पाणी धरणारा. मुरूम पाणी धरत नाही."

"आम्ही तर नाल्यांना असंच केलं," बाई म्हणाल्या.

"नाल्यात पाणी जिरवायचं असतं बाई. चारीत चालवायचं असतं."

बाईंनी हातातला मुरूम खाली टाकला. हात झटकले तेही नेहमीच्या सवयीने, पीठ झटकल्यासारखे.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "आता काय करायचं ते सांगा. फोटोत उभं राहणारे पुष्कळ होते, त्यातले कोण कोण कामाला येतात ते मी बघते."

"काळा गाळ परत तळात टाकायचा. वीतभर, दीड वीत. दाबून बसवायचा. आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत. शुक्रवारी मी दरवाजा उघडेन. त्याच्या पुढे गेलं तर टेलला पोचणार नाही."

"गाळ आणायचा कुठून?"

 साहेबांना माहीत नव्हतं. बाकीच्या सगळ्यांना माहीत होतं. लोकांनी आपापल्या रानात नेलेला गाळ नांगरटीत मिसळून गेला होता, तो काही वेगळा निघणार नव्हता. खडकावर जसाच्या तसा पसरलेला गाळ एकाच जागी होता. एकेक करून सगळ्यांच्या माना वरच्या पट्टीकडे वळल्या. हरभऱ्याला नुकती फुलं धरली होती, ती लांबूनही जांभळी दिसत होती.

"ते जमणार नाही," अण्णा म्हणाले.

कुणी विचारलंही नव्हतं.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "दुसरीकडे..."

"दुसरीकडे बघा. गाळ न्या म्हणालात, मी नेला. चोरून नेला नाही. ट्रॉलीच्या डिझेलचे पैसे दिलेत मी."

"कुणाला दिलेत?" शेवाळे म्हणाले. "रावसाहेबाला?"

रावसाहेब म्हणजे मी, ट्रॉली घरचीच. लोक हसले. अण्णा हसले नाहीत. ते चप्पल घालून घराकडे चालायला लागले.

मी मागे गेलो. बांधावर गाठलं.

"अण्णा, दाजींनी बॅग भरलीय."

"भरू दे."

"अक्का सकाळी नारळ घेऊन बसली होती."

"हे बघ," ते थांबून म्हणाले, "दिलेल्या मुलीच्या संसारात मी हात घालत नाही. तिचा नवरा बघेल. चाकणला काय माणसं राहत नाहीत? आणि तुला काय वाटतं, मला काही कळत नाही? चाळीस वर्षं त्या खडकाकडे बघत आलोय मी. एक पीक घेऊ दे मला. एक."

ते पुढे गेले. मी तिथेच उभा राहिलो. खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं मला चुकीचं वाटलं नव्हतं. मला फक्त शेणाने सारवलेला तो काठ दिसत होता.

*

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. पिठलं-भाकरी होती. आईने अण्णांच्या ताटाशेजारी तांब्या ठेवला.

"विहिरीचं आहे," ती म्हणाली. "आज नळावर जावं लागलं नाही."

अण्णांनी एक घास खाल्ला आणि तांब्या उचलला.

"चालतं का तुम्हाला?" आईने विचारलं.

"काय?"

"हे पाणी."

"न चालायला काय झालं?"

"मंदाच्या वाट्याचं आहे ते. तिच्याकडे निघालं होतं, आपल्याकडे उतरलं." आई तव्यावरची भाकरी उलटत होती, तिने वर पाहिलं नाही. "नऊ वर्षं तिच्या दारातून तांब्या परत पाठवताय. तिच्या ओसरीवर बसून बाटलीतलं पिताय. मग हे घरात बसून कसं चालतं?"

"काहीतरी बोलू नको. विहीर माझी आहे."

"विहीर तुमची. पाणी कुणाचं?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले, जणू हे मी तिला शिकवलं होतं. मी पिठल्यात बघत होतो.

"तू तरी कुठे पितेस तिच्याकडे?" ते आईला म्हणाले.

"तुम्ही पीत नाही म्हणून. मला कुणी विचारलं होतं?"

तव्यावरून धूर निघाला. आईने करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली, ती स्वतःसाठी. अण्णांनी तांब्या खाली ठेवला. उरलेली भाकरी त्यांनी पाण्याशिवाय संपवली. पिठलं झणझणीत होतं, त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण तांब्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. हात धुतले ते मात्र त्याच पाण्याने, आणि धुता धुता मध्येच थांबले.

मग ते गोठ्याकडे गेले. तिथून कुणीकडे गेले ते मला माहीत नाही. मी झोपेपर्यंत आले नव्हते.

*

सकाळी मेंढरांच्या आवाजाने जाग आली. म्हाळूबाबा धनगर त्या आठवड्यात शेवाळ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला उतरला होता, पण आवाज जवळून येत होता. मी बाहेर येऊन पाहिलं तर सगळा कळप आमच्या वरच्या पट्टीवर होता. हरभरा अर्धा संपला होता.

मी धावत गेलो. बांधावर अण्णा आणि म्हाळूबाबा शेजारी शेजारी बसले होते. अण्णा तंबाखू मळत होते.

"अण्णा, हे काय?"

"गाळ उचलायचा म्हटल्यावर हरभरा ठेवून काय करायचा? जनावराच्या पोटात तरी जाईल." त्यांनी म्हाळूबाबाला चिमूट दिली. "आता हा दिवसभर आणि उद्या चारीत मेंढरं फिरवणार. आमचं बोलणं झालंय."

"व्हय," म्हाळूबाबा म्हणाला. "एवढा हिरवा घास खाल्ल्यावर ना कशी म्हनतील ती?"

"तू ट्रॅक्टर काढ," अण्णा मला म्हणाले. "आणि बाईंना फोन कर. म्हणावं, फोटोवाले पाठवा."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. रात्री झोप झालेली दिसत नव्हती. बाकी नेहमीसारखे होते.

बुधवार आणि गुरुवार कसे गेले ते सविस्तर सांगण्यासारखं नाही, कारण दोन्ही दिवस एकच काम होतं. आधी खडकावरून गाळ खरवडायचा. मग ट्रॉली भरायची, चारीत उलटायची, फावड्याने पसरायची, विहिरीचं पाणी मोटरने शिंपडायचं. आणि म्हाळूबाबाने मेंढरं आत सोडायची. चारीत मेंढरं मावायची तेवढीच रुंदी होती. इकडून हाकलली की तिकडच्या टोकाला जायची, तिकडून हाकलली की परत. त्यांच्या पायांनी गाळ असा दाबला जायचा की मागे टाच रुतत नसे. बाईंनी खरोखर बाजारपेठेतली माणसं आणली. कापड दुकानदार, सायकलवाला, दोन शिंपी. वैशाखात जे टोपी दिसते का बघायला तळात उभे राहिले होते, ते आता तळातच घमेली वाहत होते. भाकरीचं पीठ गिरणीतून आलं आणि भाकऱ्या आईने थापल्या.

"बाई, आता किती भरायचं?" सायकलवाल्याने विचारलं.

"तुझी टोपी दिसेपर्यंत," बाई म्हणाल्या.

त्यावर बरेच लोक हसले. अण्णासुद्धा.

शेवाळ्यांनी अण्णांना एकदा विचारलं, "काय झालं हो भाऊ, मन कसं फिरलं?"

"मेंढरं फिरली," अण्णा म्हणाले आणि घमेलं उचललं.

दाजी दोन्ही दिवस आले नाहीत. गुरुवारी दुपारी मात्र अक्का आली, चारीच्या काठाने चालत. तिने काठावरून खाली पाहिलं. अण्णा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले होते. मग तिने वर पट्टीकडे पाहिलं. तिथे पुन्हा पांढरा खडक उघडा पडला होता. तिने पदर खोचला आणि आत उतरून आईच्या मागे घमेल्याच्या रांगेत उभी राहिली. सूर्य कलल्यावर तशीच चालत परत गेली.

*

शुक्रवारी साहेबांनी दरवाजा आधी थोडाच उघडला, तळ भिजावा म्हणून. शनिवारी सकाळी पूर्ण उघडला. अण्णा फावडं घेऊन पाण्याच्या तोंडाबरोबर चालायला लागले. मी बाटली खांद्याला अडकवून त्यांच्या मागे. पाणी थांबलं की ते थांबायचे, उंदराचं बीळ दिसलं की त्यात ढेकूळ दाबायचे, पाणी निघालं की निघायचे. शेवाळ्यांच्या मोरीपाशी माझी तुरीची काठी अजून उभी होती. पाणी तिला वळसा घालून पुढे गेलं. शेवाळ्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

अंधार पडला तेव्हा पाणी ओढ्यावरच्या पुलाशी होतं. अण्णा पुलाखालीच गोणपाट अंथरून आडवे झाले. मी घरी जाऊन त्यांना भाकरी आणि भरलेली बाटली आणून दिली. त्यांनी वास घेतल्यासारखं केलं.

"कुठलं?"

"नळाचं."

मग प्याले.

रविवारी उन्हं वर येता येता पाणी हांडेवस्तीच्या शिवारात शिरलं. साहेब मोटरसायकलवरून आधीच येऊन उभे होते. गुंजाळबाई होत्या. वस्तीतल्या बायका काठावर होत्या, पण या वेळी कुणी सारवलं नव्हतं, रांगोळी नव्हती. दोनदा कोण करणार? फेस आला, त्यावरच्या शेंगा आल्या, मुंगळे आले. अक्काने नारळ फोडला. तो नीट फुटला नाही, दाजींनी तो तिच्या हातातून घेऊन दगडावर पुन्हा आपटला. पाणी चारीच्या शेवटच्या मोरीला लागलं, भिंतीवर थोपलं आणि दाजींच्या रानात पडायला लागलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, सही केली आणि गेले. बाई म्हणाल्या, "चला, दळणं खोळंबलीत," आणि त्याही गेल्या.

दाजी फावडं घेऊन रानात उतरले होते. सरीत पाणी धरत होते. त्यांना ते नीट जमत नव्हतं, सवय मोडली होती. पाणी एकीकडून फुटायचं, ते तिकडे धावायचे, मग दुसरीकडून फुटायचं. ओसरीवरची बॅग खुंटीला तशीच होती. ती पुढे दोन महिने तशीच राहिली आणि मग अक्काने तिच्यात वांग्याचं बियाणं ठेवलं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. चारी चालू आहे. आमची वरची पट्टी आजही खडक आहे, अण्णांनी तिथे नंतर काही लावायचा प्रयत्न केला नाही. आमची विहीर दिवाळीला पुन्हा तळ गाठते. अक्काला मूल झालं नाही.

त्या रविवारी अण्णा तिच्या ओसरीवर टेकले. पायांना चिखल होता म्हणून ते पाय खाली सोडून बसले. मी खांद्यावरची बाटली काढून त्यांच्या शेजारी ठेवली. अर्धी भरलेली होती.

अक्का आतून तांब्या घेऊन आली. अण्णांचा हात सवयीने नमस्काराला पुढे झाला. तिने तांब्या मागे घेतला नाही.

"घरचं नाही हे," ती म्हणाली. "चारीचं आहे. आत्ता भरून आणलंय."

अण्णांनी तांब्यात पाहिलं. मी शेजारीच होतो, मीही पाहिलं. समोर चारी वाहत होती. पहिलं पाणी, सगळ्या वाटेचा धुरळा आणि गाळ घेऊन आलेलं, दूध घातलेल्या चहासारखं. तांब्यातलं पाणी नितळ होतं. तळाची नक्षी दिसत होती.

अण्णांनी एकदा चारीकडे बघितलं, एकदा अक्काकडे. मग डोकं मागे टाकून तांब्या वर धरला आणि न थांबता सगळं पाणी प्याले. थोडं गळ्यावरून सदऱ्यात गेलं. त्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या तिच्यापुढे धरला.

"अजून आण," ते म्हणाले.